सरळ धावणे आणि नेमके वळणे : रिमोटवरच्या बग्गीचे शास्त्र

रिमोटवर चालणारी शर्यतीची बग्गी म्हणजे निव्वळ खेळणे, असे मानून पालक पुष्कळदा तिच्याकडे पाठ फिरवतात. ‘एवढ्या पैशांत वर्षभराच्या वह्या आल्या असत्या’ हा त्यांचा आक्षेप रास्तच असतो. शेतमजुरीवर घर चालवून मुलाला वसतिगृहात ठेवणाऱ्या आईवडिलांना प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो. तरीही या स्मरणिकेत तिच्याविषयी लिहावे असे आम्हांस वाटले. कारण तिची खरी किंमत तिच्या वेगात नसून जुळणीत आहे. नुसती पळवलेली आणि मोडली की टाकून दिलेली गाडी हे खेळणेच होय. पण मुलाने स्वतः उघडलेली, मोजलेली आणि सुधारलेली गाडी हा यंत्रशास्त्राचा पहिला पाठ ठरतो.

या छंदाला जगभर बहर आला तो 1979 नंतर. त्या वर्षी जपानच्या तामिया कंपनीने ‘रफ रायडर’ ही बग्गी बाजारात आणली. 1984 मध्ये अमेरिकेतील टीम असोसिएटेडची ‘आरसी10’ आली आणि खडबडीत मैदानावरील शर्यतींना वेगळेच वळण लागले. आज प्रचलित असलेली बग्गी बहुधा खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, सुमारे 40 सेंटीमीटर लांबीची आणि दीड किलोच्या आसपास वजनाची असते. आकार लहान असला तरी तिला लागू पडणारे नियम मोटारीचे आणि ट्रॅक्टरचेच आहेत.

प्रथम वळण्याचा विचार करू. खळ्यावरची मळणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व नव्याने सांगावे लागणार नाही. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा तिवड्यालगतचा बैल लहान वर्तुळात हळू चालतो आणि कडेच्या बैलाला त्याच वेळात मोठा फेरा पूर्ण करावा लागतो. गाडीच्या चाकांचेही असेच असते. वळताना आतले पुढचे चाक बाहेरच्यापेक्षा अधिक तिरपे व्हावे लागते; दोन्ही सारखीच तिरपी झाली तर त्यांतले एक फरफटते. ही अडचण म्युनिकचे गाडी बांधणारे कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी 1817 मध्ये सोडवली. त्याचे इंग्लंडमधील पेटंट 1818 मध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी घेतले, म्हणून ही रचना ॲकरमन यांच्या नावाने ओळखली जाते. मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियलही बैलांच्या याच हिशेबावर चालते.

आता बग्गीच्या दोन मुख्य तक्रारी पाहू. पहिलीत चाके वळवूनही गाडी पुढच्या पुढे सरकत राहते. म्हणजे पुढच्या चाकांची जमिनीवरची पकड कमी पडते. दुसरीत वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. इथे मागची पकड कमी पडते. कोणत्या टोकाची पकड सुटली हे ओळखता आले, की निम्मे काम झाले.

पकडीचा पहिला आधार टायर. हिंगोली जिल्ह्यातली काळी जमीन पावसाळ्यात चिकट चिखल होते, उन्हाळ्यात तडकते आणि तिच्यावर भुसभुशीत धूळ साचते. टेकाडावरची मुरमाड जमीन मात्र कडक आणि खड्यांची. मऊ मातीत रुतणारे उंच काट्यांचे टायर कडक जमिनीवर डळमळतात. म्हणून गाडीला हात लावण्याआधी जमीन पाहावी.

दुसरा आधार स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर. ज्या बाजूची पकड वाढवायची, तिकडची स्प्रिंग सहसा थोडी मऊ करावी. गाडी पुढून सरकत असेल तर पुढची स्प्रिंग मऊ किंवा मागची किंचित कडक. मागून घसरत असेल तर याच्या उलट. शॉकॲब्सॉर्बरमधले तेल स्प्रिंगची उसळी आवरते. तेल पातळ असेल तर गाडी उड्या मारत राहते आणि फार घट्ट असेल तर खड्ड्यावर चाक जमीन सोडते. उन्हाने तेल पातळ होते, म्हणून सकाळी नीट धावलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी वेगळीच वागू शकते.

तिसरा आधार चाकांचा कोन. वरून पाहता पुढच्या चाकांची टोके किंचित बाहेर वळलेली असतील, तर गाडी वळणात चटकन शिरते; किंचित आत असतील, तर सरळ रस्त्यावर शांत राहते. मागची चाके थोडी आत वळलेली ठेवल्यास मागची बाजू स्थिर होते, मात्र हा कोन फार वाढला तर वेग मार खातो. समोरून पाहता चाकाचा वरचा भाग एक-दोन अंश आत झुकलेला ठेवतात, म्हणजे वळणावर गाडी कलल्यावर बाहेरचे चाक जमिनीवर सपाट बसते. मोटारीचे ‘व्हील अलाइनमेंट’ करतात ते हेच.

रिमोटची जुळणी यानंतर करावी. रिमोट मधोमध असताना गाडी सरळ जाते का, सर्व्हो मोटर दोन्ही बाजूंना सारखी फिरते का आणि टोकाला अडून कुरकुरत तर नाही ना, हे पाहावे. वाकलेला दांडा रिमोटच्या बटणाने सरळ होत नाही; तिथे दोष फक्त झाकला जातो.

या साऱ्यात एक शिस्त मात्र मोडू नये : एका वेळी एकच बदल. स्प्रिंग, टायर आणि कोन एकदम बदलले, तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कळत नाही. म्हणून वही ठेवावी. तारीख, जमीन, केलेला बदल आणि तीन फेऱ्यांची वेळ तिच्यात लिहावी. बदल उपयोगी पडला नाही तर पूर्वीच्या मापावर परत यावे. ‘गाडीच खराब’ किंवा ‘माझा हातच वाईट’ असे म्हणण्याची सवय या वहीने सुटते. दोष नशिबाचा नसतो, त्याला कारण असते आणि ते शोधता येते, ही खात्री मुलाच्या मनात रुजते. महागडे सुटे भाग विकत आणून ही खात्री मिळत नाही.

पालकांनी एवढी काळजी घ्यावी : लिथियम बॅटरी योग्य चार्जरवरच, मोठ्या माणसाच्या देखत चार्ज करावी आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. गाडी प्रत्येक मुलाला हवीच असेही नाही. एका गटाला एक जुनी गाडी, एक पाना, एक कोनमापक आणि एक वही पुरेशी आहे.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची ती यंत्रणा शेवटी अतिसूक्ष्म मोजमाप आणि धीराने केलेली जुळणी यांवरच उभी राहील. त्या दारातून आत जाणारी मुले बाहेरगावचीच असावीत, असे कुठे लिहिलेले नाही. आपल्या वसतिगृहातल्या मुलांच्या हाती आज पाना आणि वही दिली, तर उद्या तिथे काम करणाऱ्यांत त्यांचीही नावे असू शकतील.