आधी कारखाना, मग शहर

डेन्मार्कच्या युटलंड भागातल्या सिल्केबोर्ग शहराच्या चौकात पुतळा आहे तो मिकाएल ड्रेव्सन (१८०४–१८७४) या कागदवाल्याचा. हा मान त्यांना मिळाला, कारण इथे कारखाना आधी आला आणि शहर त्याच्या मागून.

कागदाचा धंदा त्यांच्या घराण्यातच होता. कोपनहेगनच्या उत्तरेला असलेली स्ट्रान्डमोलन ही कागद गिरणी ड्रेव्सन मंडळी चालवत. तिथे मिकाएलच्या वडिलांनी, योहान ख्रिश्चन यांनी, १८२९ साली देशातलं पहिलं कागदयंत्र बसवलं. तोवर कारागीर चाळणीसारख्या साच्यावर लगदा उचलून एकेक ताव काढत. यंत्रात तोच लगदा सरकत्या जाळीवर पसरे, निथळे, रुळांत दाबला जाई, वाफेवर तापलेल्या पिंपांभोवती वाळे आणि सलग पट्टा होऊन बाहेर पडे.

असं यंत्र अविरत चालवायचं तर भरपूर पाणी हवं. लगद्यासाठी आणि चाकं फिरवण्यासाठीही. ते गुडेनो या देशातल्या सर्वांत लांब नदीत होतं. सिल्केबोर्गच्या जुन्या जहागिरीची जमीन सरकारकडे होती, पण आसपास वस्ती नावालाच. १८४४ साली ड्रेव्सननी इथे कारखाना उभारायला घेतला. नदीच जलशक्ती पुरवी आणि नदीच मालवाहतुकीची वाटही होती. खाली रान्डर्स बंदरापर्यंत सपाट तळाच्या होड्या चालत. प्रवाहाविरुद्ध त्या काठावरून दोराने ओढाव्या लागत. कच्चा माल म्हणजे चिंध्या, कारण लाकडाचा लगदा अजून रुळला नव्हता.

कामगार आले की त्यांना पाव, जोडे, कापड लागतं. मात्र त्या काळी डेन्मार्कमध्ये व्यापार आणि कारागिरी हे मुख्यतः सनदी शहरांचे हक्क होते; खेड्यात दुकान थाटणं सोपं नव्हतं. ही अडचण राजा आठवा ख्रिश्चन याच्या निर्णयाने सुटली. १८४६ साली सिल्केबोर्गला व्यापारी ठाण्याचा दर्जा मिळाला आणि दुकानदार, सुतार, लोहार येऊन वसू लागले. म्हणूनच शहराचं सगळं श्रेय एकट्या ड्रेव्सनना देणं चूक ठरेल: कारखान्याने गिऱ्हाईक आणलं, सरकारने बाजार उघडला.

परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन ड्रेव्सनकडे पाहुणे म्हणून राहून गेले होते. ‘इब आणि छोटी क्रिस्टिने’ ही त्यांची गोष्ट याच नदीकाठी घडते.

१८८९ साली गिरणी एका मोठ्या कागद कंपनीत विलीन झाली. सिल्केबोर्गला पूर्ण शहराचा दर्जा मिळाला तो १९०० साली. पुढे डॅनिश नोटांचा कागदही इथेच बनू लागला. २००० साली इथलं उत्पादन थांबलं आणि गिरणीच्या आवारात हॉटेल, नाट्यगृह, कागदाचं संग्रहालय आलं. एकाच कारखान्यावर पोसलेली गावं तो बंद पडला की बहुधा ओस पडतात. सिल्केबोर्गचं तसं झालं नाही, कारण तिथल्या बाजाराने गिरणीपलीकडची गिऱ्हाइकं केव्हाच जोडली होती.