वेताळकथेचे संगीत रूपांतर : मौन, स्वर आणि वऱ्हाडी बोली

वेताळपंचविशीचे संगीत नाटक करू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती वेताळाची नव्हे, राजाची. स्मशानातील झाडावर लोंबणारे प्रेत, त्यात शिरलेला वेताळ, कृष्ण चतुर्दशीची रात्र, ही सारी सामग्री रंगभूमीला अनुकूलच आहे. पण ज्या राजाने हे प्रेत खांद्यावर घेऊन वाट चालायची, त्याने तोंड उघडता कामा नये, अशी कथेची अट आहे. तो बोलला की वेताळ सुटतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लोंबू लागतो. उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, असा दुसरा पेच वेताळाने टाकलेला आहे. संगीत नाटकाचा नायक हा परंपरेने सर्वांत अधिक गाणारा असतो. येथे मात्र नायकाचे मौन हेच कथानकाचे यंत्र आहे. रूपांतरकाराने राजाला दोन पदे दिली, की यंत्र बंद पडले म्हणून समजावे.

या कथेचे मूळ स्थान मराठी वाचकास परके नाही. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकातील काश्मिरी ग्रंथात, हा राजा त्रिविक्रमसेन या नावाने येतो आणि त्याची राजधानी गोदातीरावरील प्रतिष्ठान, म्हणजेच आपले पैठण, ही आहे. लोकपरंपरेने त्याला पुढे विक्रमादित्य करून उज्जयिनीस नेऊन बसविले. क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी', शिवदास व जंभलदत्त यांच्या संहिता, आणि नंतर देशी भाषांतील असंख्य रूपे असा या कथांचा प्रवास आहे. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली प्रसिद्ध झाली. मराठी गद्य मुद्रणयंत्राशी नुकतेच परिचित होत होते, त्या काळी आरंभीच्या पुस्तकांत एका पिशाच्चकथेला स्थान मिळाले, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासात थोड्या कौतुकाने नोंदली जावयास हरकत नाही.

आता रंगभूमीवर भयावह पात्राचा आवाज कोणाचा असतो, हा प्रश्न पाहू. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात माधव रात्री स्मशानात येतो. तेथील भूतपिशाच्चे प्रेक्षकांस दिसतात ती मुख्यत: माधवाच्या श्लोकांतून. भय हे येथे नेपथ्याचे नसून शब्दाचे आहे. कर्कश वर्णांची, लांबलचक समासांची रचना कवीने तेथे मुद्दाम योजिली आहे. भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा, आणि समासविरल, मधुर अशा रीतीला साहित्यशास्त्राने नाव दिले ते वैदर्भी. विदर्भाच्या या पुत्राने स्मशानात पाऊल टाकताच वैदर्भी रीती बाहेर ठेवली, यात एक मार्मिक विनोद आहे.

मराठी रंगभूमीवर विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पासून जी आख्यानपद्धती रूढ झाली, तीत पदे गाण्याचे काम सूत्रधाराचे होते. पात्रे त्याच्या पदांस अनुसरून हावभाव करीत व उत्स्फूर्त भाषण करीत. राक्षस मात्र गात नसे. तो 'अलल्डुर्र' अशी आरोळी ठोकून येई, आणि त्या आरोळीवरूनच त्या नाटकांस पुढे उपहासाने 'अलल्डुर्र नाटके' म्हटले गेले. आरोळीला अर्थ नाही, व्याकरण नाही. भयाला भाषाच नाकारण्याची ही रीत होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतला'ने गाणे सूत्रधाराकडून काढून पात्राच्या मुखी दिले. तेव्हापासून संगीत नाटकात जो गातो त्याचे अंत:करण प्रेक्षकांस उघडे होते, असा संकेत ठरला. पिशाच्चाला अंत:करण कोण देणार? म्हणून या परंपरेत पिशाच्च गाताना सहसा आढळत नाही.

वेताळ याला अपवाद ठरू शकतो. तो आरोळी ठोकणारा राक्षस नाही. तो चतुर कथक आहे, न्यायाचे प्रश्न विचारणारा आहे, किंबहुना संपूर्ण ग्रंथात वाणी आहे ती त्याचीच. राजाकडे मौन आणि वेताळाकडे स्वर, ही वाटणी कथेने आधीच करून ठेवली आहे. गाणे वेताळाचे व्हावे, राजाची केवळ पावले वाजावीत, आणि राजा बोलेल तेव्हा ते गद्य असावे : रूपांतराचे पहिले सूत्र कथेच्या रचनेतूनच असे निघते. एक व्यावहारिक अडचण अर्थातच उरते. दुसऱ्याच्या खांद्यावर आडव्या पडलेल्या नटाला पोट दाबले गेलेल्या स्थितीत तान घेता येत नाही. भाव्यांचा सूत्रधार येथे पुन्हा उपयोगी पडतो. देह खांद्यावर आणि आवाज बाजूच्या गायकाचा अशी योजना केली, तर प्रेताच्या ओठांतून न आलेला आवाज अधिकच भेसूर वाटेल.

आधुनिक काळातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण याच ग्रंथातील एका कथेचे आहे. गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक 'हयवदन' १९७१ साली प्रसिद्ध झाले. त्याचा मराठी अनुवाद चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांनी केला, आणि विजया मेहता यांनी भास्कर चंदावरकर यांच्या संगीतासह तो रंगभूमीवर आणला. सोमदेवाच्या कथेत देवीच्या देवळात एका स्त्रीचा पती व भाऊ दोघेही आपापली शिरे कापून अर्पण करतात. देवीच्या कृपेने ती शिरे जोडताना घाईत अदलाबदल होते. पती कोणता, असे वेताळ विचारतो. पतीचे शिर ज्याच्या धडावर आहे तो, असे राजा सांगतो. जर्मन कादंबरीकार थॉमस मान याने १९४० साली या कथेवर दीर्घ कथा लिहिली, तीत भावाच्या जागी मित्र आला. कार्नाडांनी मानचाच हा बदल स्वीकारला.

या बदलाने नाटकाला प्रेमाचा त्रिकोण मिळाला, पण कथेचा एक तीक्ष्ण दात पडला. मुळात पेच नात्याचा आहे. भावाचे शिर आणि पतीचे धड अशा माणसाला त्या स्त्रीने कोणत्या नात्याने हाक मारावी? मित्र आला की हा पेच मावळतो आणि इच्छेचा प्रश्न उरतो. कार्नाडांनी वेताळाची चौकटही काढून टाकली. तिच्या जागी त्यांनी भागवत आणला. हा यक्षगानातील भागवत कथा सांगतो, पात्रांच्या मनातले गातो, प्रसंगी त्यांच्याशी बोलतो. वेताळाची वाणी भागवताकडे गेली खरी, परंतु वेताळाचा हेतू मात्र गेला नाही. वेताळ उत्तर उकळण्यासाठी गोष्ट सांगतो, भागवत सांगतो ती केवळ सांगावयाची म्हणून. राजाच्या उत्तराने जो प्रश्न मिटत होता, तो येथे ऋषीच्या निवाड्याने मिटत नाही. धडे हळूहळू शिरांच्या वळणावर जातात आणि पद्मिनीची अपूर्णता तशीच राहते. रूपांतर म्हणून 'हयवदन'चे यश येथे आहे. त्याने प्रश्नोत्तराचा शेवट नाकारून गाण्याला काही काम ठेवले. त्याची उणीवही तेथेच आहे : ऐकणाऱ्याला धोका उरला नाही.

ही चौकट राखून वऱ्हाडात वेताळनाट्य उभे करावयाचे झाल्यास भाषेच्या दृष्टीने काय घडेल, याचा विचार उद्बोधक ठरतो. उदाहरणादाखल हिवरखेड घ्यावे. या नावाची एकाहून अधिक गावे वऱ्हाडात आहेत. एक अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात. नाव उघडच हिवर या वृक्षावरून आलेले दिसते. हिवर हा बाभळीच्या कुळातील काटेरी, फिकट सालीचा वृक्ष. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातील एका दृष्टांतात त्याची सावली सज्जनांनी वर्ज्य मानलेली आहे. सोमदेवाचा वेताळ शिंशपेवर लोंबतो. हिवरखेडच्या प्रेक्षकाला शिंशपा म्हणजे एक संस्कृत शब्द, हिवर म्हणजे रात्री पांढुरके दिसणारे, टाळावयाचे झाड. वृक्ष बदलला तर कथेची हानी होत नाही, भय मात्र घराशेजारी येते.

झाडाहून अधिक महत्त्वाची बोली. वऱ्हाडीत पुष्कळ शब्दांत 'ळ'च्या जागी 'य' उच्चारला जातो : डोळा तो 'डोया', गळा तो 'गया', काळा तो 'काया'. या नियमाने वेताळ स्वत:च 'वेताय' होतो. आता 'काया' म्हणजे देह हा शब्द भजन-कीर्तनामुळे खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओठी आहे. म्हणजे या बोलीत काळोखाचा रंग आणि देह यांचा उच्चार एकच. शिरे बदललेल्या दोन देहांच्या कथेत, किंवा परक्या देहात राहणाऱ्या वेताळाच्या पदात, हा श्लेष किती दूर जाऊ शकतो हे वेगळे सांगावयास नको. प्रमाण मराठीत तो करताच येत नाही. तसाच 'काहून' हा प्रश्नवाचक. प्रमाण भाषेतील 'का' गायकाला एकच अक्षर देते, 'काहून' दोन अक्षरे देते आणि दोन्ही लांबविता येतात. 'मले', 'तुले' ही रूपेही लक्षणीय आहेत. वेताळाने राजाला 'आपणांस' म्हणावयाचे की 'तुले', यावर त्या दोघांतील सारा संबंध अवलंबून आहे, आणि प्रेताने राजाला 'तुले' म्हणणेच युक्त होय.

येथे एका जुन्या सवयीपासून सावध राहिले पाहिजे. आमच्या नाटकांत बोली ही बहुधा नोकराची व विदूषकाची असते, आणि पदे संस्कृतप्रचुर भाषेत नायकाची असतात. ही वाटणी पूर्वापार आहे असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. संस्कृत नाटकातील स्त्रिया बोलत शौरसेनीत, पण गात माहाराष्ट्रीत. देशीचे गाण्याशी असलेले नाते हास्याच्या नात्याहून कमी जुने नाही. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ मध्ये वऱ्हाडीची शास्त्रीय दखल घेतली. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने तिच्या संवादांतून ती बोली शोकाचा सारा भार पेलू शकते हे दाखविले. गद्यात जे सिद्ध झाले ते पद्यात व रंगभूमीवर करावयाचे आहे. वऱ्हाडी जर पुन्हा राजाच्या एखाद्या भित्र्या चाकराला देऊन वेताळाला पुणेरी मराठीत गावयास लावले, तर त्या प्रयोगात भुताचा पोशाख राहील, भूत राहणार नाही.

या साऱ्या रचनेची खरी कसोटी शेवटच्या कोड्यात आहे. शिकारीस निघालेला एक बाप व त्याचा मुलगा वनात दोन स्त्रियांची पावले पाहतात. मोठ्या पावलांची आई असणार असे धरून ती बापाने, आणि लहान पावलांची मुलाने करावी, असे ठरते. भेट होते तेव्हा मोठी पावले मुलीची निघतात. बाप मुलीशी आणि मुलगा आईशी विवाह करतो. त्यांची अपत्ये एकमेकांची कोण, असे वेताळ विचारतो. राजा या वेळी गप्प राहतो तो अटीमुळे नव्हे. एका बाजूने मोजावे तर मामा, दुसऱ्या बाजूने मोजावे तर पुतण्या, आणि दोन्ही एकदम सांगणारा शब्द संस्कृतात नाही, मराठीत नाही, वऱ्हाडीतही नाही. रात्रभर ज्याचे मौन केवळ निश्चयाचे होते, त्याचे मौन येथे भाषेचे होते. वेताळ प्रसन्न होतो आणि कपटी भिक्षूपासून सावध राहण्याची युक्ती राजाला सांगतो. संगीतकाराने या स्थळी चाल बांधू नये. गायकाने 'कोण' या शब्दावर थांबावे, साथ बंद व्हावी, आणि राजाची पावले तेवढी ऐकू यावीत.