आवक, जावक आणि पोच

वृद्धाश्रमाच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात औषधांचे खोके आणि खालच्या दोन कप्प्यांत फोटोंचे अल्बम. त्यातून मला चाळीसेक फोटो निवडायचे होते. १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन तोंडावर आला होता आणि ‘आम्ही आणि आमचा परिसर’ असं प्रदर्शन लावायचं विश्वस्तांनी ठरवलं होतं. संस्था हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून जरा आत. नाव घेत नाही. पुढचं काही तिथल्या एकदोघांना आवडणार नाही.

दुसऱ्याच अल्बमला कंटाळा आला. फोटो एकच होता, माणसं तेवढी बदलत होती. मागे फ्लेक्स, पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा, प्रत्येकाच्या हातात दोन केळी आणि बिस्किटाचा पुडा, आणि देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुठल्याशा मंडळाचा वर्धापनदिन. पितृपक्षात एका दिवसात तीन-तीन. त्या दिवसांत इथे केळ्यांचं शिकरण, केळ्यांचा शिरा आणि शेवटी नुसतीच केळी असतात, असं स्वयंपाकाच्या मावशींनी सांगितलं.

माझ्या शेजारी भाऊसाहेब बसले होते. जिल्हा परिषदेत तीस वर्षं काढलेले, म्हणून इथेही सगळ्यांचे भाऊसाहेबच. ते बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, “ही सगळी आवक झाली. जावक कुठंय?”

कचेरीत काम केलेल्या माणसाला याहून वेगळं सुचलंही नसतं. आलेल्या कागदाची आवक बारनिशीत नोंद, गेलेल्याची जावक बारनिशीत, आणि समोरच्याची पोच आल्याखेरीज कागद गेला असं धरायचं नाही. संस्थेत भेट देणाऱ्यांची जाडजूड वही होती, देणगीच्या पावत्या होत्या, ८०-जीचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत होतं. इथून बाहेर काय गेलं, याची मात्र एका ओळीची नोंद नव्हती. आणि जात तर होतं. संध्याकाळी मागच्या वस्तीतली पोरं गणितं घेऊन येतात, हे मी स्वतः पाहिलं होतं.

त्या वर्षीचं प्रदर्शन पुढे ढकललं. विश्वस्त नाराज झाले; फ्लेक्सची ऑर्डर गेली होती. भाऊसाहेबांनी दोनशे पानी वही आणवली, पट्टीने रकाने आखले: दिनांक, कोण गेले, कुठे, काय केले, किती वेळ, आणि शेवटी रुंद रकाना, पोच.

पहिली भरघोस नोंद नोव्हेंबरात झाली. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला या महिन्यात आपण हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं आणि बँकेत जाऊन सही करण्याऐवजी यंत्रावर बोट टेकवून दाखला मिळू लागला. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा विटा उचललेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. वस्तीत सफाई खात्यातून निवृत्त झालेले आणि नवऱ्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बायका बऱ्याच. कुठल्याशा केंद्रावर तीनदा परत पाठवलेली एक बाई रडकुंडीला येऊन फाटकाशी थांबली होती. वॉचमनने तिला आत आणलं.

आश्रमात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांचा नातू पुण्यातच असतो. त्याने त्यांच्या फोनवर चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप घालून दिलं होतं. ही सोय २०२१ पासून आहे, पण ती वापरायला कुणीतरी शांतपणे शेजारी बसावं लागतं. काकांनी बाईला उजेडाकडे तोंड करून बसवलं, पदर कपाळावरून मागे घ्यायला सांगितलं, चष्मा काढायला लावला. ॲप म्हणतं, डोळे मिचकावा. बाईला ते कसंसंच वाटलं. चौथ्या खेपेला तिला हसू फुटलं, हसताना पापण्या मिटल्या आणि दाखला निघाला.

दुसऱ्या दिवशी सात जण आले. मग व्हरांड्यात टेबल लागलं. महिनाभर काका सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून तिथे बसत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपल्याला उशीर झाल्याची धाकधूक वाटते आहे, असं ते मला म्हणाले, आणि ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत.

वहीतल्या सगळ्या नोंदी अशा देखण्या नाहीत. ‘अंगणवाडीत गोष्ट सांगितली. मुले झोपली.’ ही एक. ‘शाळेत झाडे लावली. पाणी कोण घालणार ते ठरले नाही.’ ही दुसरी. पोचेच्या रकान्यात तीन महिन्यांनी वेगळ्या शाईत ‘झाडे गेली.’ व्यवस्थापिका ताईंना या ओळी वगळायच्या होत्या. मी भांडून ठेवल्या. नुसतं यश मांडणाऱ्या फलकासमोर कुणी थांबत नाही. झोपलेल्या मुलांपाशी माणूस थांबतो, आणि थांबला की पुढचंही वाचतो.

आषाढात दोन्ही पालख्या पुण्यातून निघून हडपसरला येतात. तिथून माउलींची दिवे घाटाने सासवडकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे जाते. त्या दिवशी आश्रम रिकामा होतो. चहा, राजगिऱ्याचे लाडू, तळपायाच्या फोडांना मलमपट्टी. पट्टी बांधणाऱ्या निवृत्त परिचारिका आहेत आणि त्या वारकऱ्यांना रागावतात. त्यांच्या रागावण्याचा फोटो माझ्या मते प्रदर्शनातला सर्वांत चांगला.

फोटोंचं खरं अडलं ते पिशव्यांपाशी. जुन्या साड्यांच्या कापडी पिशव्या शिवून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यांना द्यायचं काम चार जणी करतात. त्यांतल्या एक आजी मशीनवर बसल्या की पाहत राहावं: पदर खोचलेला, टिपेची रेषा सरळ. मी कॅमेरा काढला तसं त्यांनी मशीन थांबवलं.

“तोंड नको घेऊ, बाळ. गावाकडं ठाऊक नाही मी हितं असते ते. पोराकडं पुण्यात आहे, असंच समजतात सगळी.” मग जरा थांबून, “आन् खोटं कुठंय? पुण्यातच आहे की तो.”

त्यांचे हात आले, पिशवी आली, तोंड आलं नाही. त्यानंतर मी प्रत्येकाला विचारत गेलो. सतरा जणांपैकी पाच जणांनी नकार दिला. केळ्यांच्या फोटोंना कुणी कधी विचारलं नव्हतं. वस्तीतल्या मुलांचे चेहरेही आम्ही पालकांना विचारूनच लावले. एका आईने नाही म्हटलं, तर त्या मुलाची वही लावली, भागाकारासकट.

मधल्या काळात एका कंपनीची माणसं येऊन गेली. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची जी यादी आहे, तिच्यात वृद्धाश्रमही आहेत. त्यामुळे अशी माणसं हल्ली येतात, आणि यावीतच, छप्पर गळतं. त्यांच्या तक्त्यात रकाना होता ‘लाभार्थी संख्या’. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. “आवकेत लाभार्थी आम्ही, जावकेत वस्ती. बेरीज करायची का वजाबाकी?” पाहुणे हसले आणि नुसत्या निवाशांचा आकडा लिहून घेऊन गेले. मला राग आला. पण शब्दांची ही खोड जुनी आहे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली, आज ‘निवारा’ म्हणून ओळखली जाणारी संस्था मुळात ‘अनाथ पंगुगृह’ होती. पाटीनेच आत राहणाऱ्यांची ओळख करून दिलेली. पाटी बदलली, तक्त्यातला रकाना अजून तोच.

प्रदर्शन आम्ही सभागृहात लावलं नाही. तिथे पाहुणे येतात, दीप लावतात, जातात. रस्त्याच्या बाजूच्या कुंपणाच्या भिंतीवर बाहेरून लावलं, बसथांब्याला लागून. बस उशिरा येते, याचा आम्हाला इतका फायदा कधी झाला नव्हता. प्रत्येक फोटोखाली जावक वहीतली मूळ ओळ, भाऊसाहेबांच्या अक्षरात, आणि शेजारी पोच: मुख्याध्यापिकांचं पत्र, अंगणवाडी ताईंची सही, दाखला मिळालेल्या बाईचा अंगठा. तो अंगठा यंत्राला दिसला नव्हता, कागदावर शाईत उठला होता, पुसट का होईना.

एक ऑक्टोबरला सकाळी कोपऱ्यावरचा भाजीवाला गाडी तशीच सोडून आला. पिशव्यांच्या फलकासमोर उभा राहून त्याने आपली ओळ बोट ठेवून वाचली आणि आत आवाज दिला.

“भाऊसाहेब, ह्ये चुकलंय. चाळीस न्हाई, साठ दिल्या व्हत्या मला. वीस मागनं आल्या, आजींनी पाठवल्या.”

भाऊसाहेब वही घेऊन बाहेर आले. पान काढलं, चाळीसवर आडवी रेघ मारली, वर साठ लिहिले, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. मग पेन त्याच्या हातात दिलं.

“वीसची पोच राहिलीय तुझी. कर सही.”