दुचाकीवरून युद्धनौकादर्शन : चपलची गोल नळकांडी

विशाखापट्टणमच्या कुरसुरा पाणबुडीचे ठरलेले विवेचन पुढील लेखांकावर ढकलावे लागत आहे, कारण कारवारविषयी एका वाचकाने विचारलेला प्रश्न दोन ओळींत उरकण्याजोगा नाही. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, राष्ट्रीय महामार्ग 66 च्या कडेला ठेवलेली आयएनएस चपल ही 1971 च्या कराचीवरील हल्ल्यात होती काय, असा तो प्रश्न असून गोव्याहून काळी नदी ओलांडून येणाऱ्या दुचाकीस्वारांत तशी समजूत सर्रास आढळते.

ती समजूत चुकीची आहे. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका निपात, निर्घात आणि वीर या होत्या. चपल नौदलात दाखल झाली ती 1976 मध्ये, आणि 2005 मध्ये निवृत्त झाल्यावर पुढील वर्षी तिचे संग्रहालय झाले. तरीही गैरसमज निराधार म्हणता येत नाही, कारण या सर्व नौका सोव्हिएत बनावटीच्या, ‘ओसा’ म्हणजे गांधीलमाशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच कुळातील असून सुमारे 39 मीटर लांबीच्या या लहानशा नौकांवर प्रत्येकी चार क्षेपणास्त्रे असत. चपल ही त्या कुळाची दुसरी पिढी होय.

पिढीतील हा फरक डेकवर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो, आणि चपलच्या दर्शनातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. पहिल्या पिढीच्या क्षेपणास्त्राचे पंख पक्के बसवलेले असल्यामुळे ते ठेवण्याची पेटी पंखांच्या पूर्ण रुंदीला पुरेल एवढी, चौकोनी आणि अवजड करावी लागे. पुढे पंख मिटून ठेवण्याची आणि क्षेपणास्त्र बाहेर पडताच ते उघडण्याची सोय झाली, तेव्हा त्या पेटीची जागा आटोपशीर गोल नळकांड्याने घेतली. चपलच्या दोन्ही कडांना अशी दोन-दोन नळकांडी तोंड वर करून बसवलेली असून मागची जोडी पुढच्या जोडीपेक्षा उंच ठेवलेली आहे, म्हणजे तिच्यातून सुटणारे क्षेपणास्त्र पुढच्या जोडीच्या माथ्यावरून निघून जाते. एखाद्या जुन्या छायाचित्रात या जागी चौकोनी पेट्या दिसल्या, तर ती नौका 1971 च्या पिढीची समजावी.

हा बारकावा छायाचित्रात उतरवायचा तर सकाळची वेळ उत्तम, कारण समुद्र महामार्गाच्या पश्चिमेस असल्याने तेव्हा ऊन पाठीशी येते, तर दुपारनंतर रस्त्याकडून पाहता नौका नुसती काळी आकृती दिसते. अगदी जवळून रुंद भिंगाने टिपल्यास नळकांडी अवास्तव फुगीर दिसतात. चार पावले मागे सरून, नौकेच्या नाळेकडून तिरपे उभे राहिल्यास दोन्ही जोड्यांतील उंचीचा फरक स्पष्ट येतो.

कारवार सोडून अंकोल्याकडे निघालेल्यांनी मात्र पुढे अरग्याजवळ महामार्गालगत आयएनएस कदंब हा नौदलाचा चालता तळ आहे, हे ध्यानात ठेवावे. अशा प्रतिबंधित स्थळांचे चित्रण 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या कक्षेत येते. म्हणून कारवारातच कॅमेरा पिशवीत बंद करावा आणि हेल्मेटवर बसवलेला कॅमेराही आठवणीने बंद करावा.