साठ दिवसांची मुदत

लहान मुलाच्या यकृत प्रत्यारोपणाची बातमी वाचताना मन भरून येतं आणि ते योग्यच आहे. आईच्या किंवा वडिलांच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग काढून बाळाला बसवतात. बाळात तो बाळाबरोबर वाढतो आणि दात्याचं यकृतही काही महिन्यांत पुन्हा भरून येतं. चांगल्या केंद्रांत अशी दहापैकी नऊ मुलं वर्षानंतर जिवंत असतात. पण या यशाकडे पाहताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो: या मुलाचं स्वतःचं यकृत वाचवता आलं असतं का? अनेकदा त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘निदान काही वर्षं तरी’ असं असतं. प्रत्यारोपणाची सोय वाढायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. तरीही मुलांच्या यकृतविकारांवरचं संशोधन नीट वाचलं, तर आपल्याला सर्वांत तातडीची गरज लवकर निदानाची आहे असं ठामपणे म्हणावं लागतं.

प्रत्यारोपणाचा इतिहासच मुलांपासून सुरू होतो. १९६३ साली अमेरिकेत डेन्व्हर इथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं ते तीन वर्षांच्या मुलावर. ते मूल शस्त्रक्रियेतच गेलं. रुग्ण वर्षाहून अधिक जगण्याचं पहिलं यश मिळायला १९६७ उजाडलं आणि तीही एक लहान मुलगीच होती. १९८०च्या सुमारास सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध हाती आलं, तेव्हा कुठे हा उपचार प्रयोगाच्या पातळीवरून वर आला. पुढची अडचण मापाची होती, कारण बाळाच्या पोटात मोठ्या माणसाचं यकृत मावत नाही. म्हणून आधी मृत दात्याचं यकृत छोटं करून बसवण्याची आणि मग जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेण्याची पद्धत आली. १९८९ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये एका आईने आपल्या मुलाला दिलेलं यकृत टिकलं. भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९८ साली दिल्लीत एका तान्ह्या मुलावर असं प्रत्यारोपण यशस्वी झालं. मात्र या उपचाराची किंमत रुपयांपुरती नसते. एका धडधाकट माणसाच्या पोटावर सुरी चालवावी लागते आणि त्यात दात्याच्या जिवालाही थोडा का होईना धोका असतो. मुलाला औषधं बहुधा जन्मभर घ्यावी लागतात आणि त्यामुळे जंतुसंसर्गाची टांगती तलवार कायम राहते. ही औषधं सुटावीत म्हणूनही संशोधन झालं. अमेरिकेत आईवडिलांचं यकृत मिळालेल्या वीस निवडक मुलांची औषधं हळूहळू बंद केली, तर त्यांपैकी बारांना ते झेपलं. पुढे ८८ मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्यात ३३ जणांनाच ते साधलं. म्हणजे अगदी पारखून घेतलेल्या मुलांतही बहुसंख्यांना औषधं सोडता आली नाहीत. ज्याला दुसरा पर्याय उरलेला नाही त्याच्यासाठी प्रत्यारोपण हे वरदानच, पण म्हणूनच तो पर्याय शेवटचा असला पाहिजे.

शेवटच्या पर्यायाआधी किती काही करता येतं, याचा एक फार मोठा दाखला पुण्याचा आहे. भारतीय बालयकृतसिरोसिस नावाचा एक आजार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डॉक्टरांच्या नोंदींत दिसतो. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं पोट फुगायचं, यकृत टणक होऊन त्याची कडा हाताला धारदार लागायची, आणि एकदा कावीळ दिसली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूल जायचं. एकाच घरात दोन-तीन मुलं गेल्याच्या हकिगती होत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर ऐंशीच्या दशकात या आजाराचा पाठपुरावा केला. या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं असतं, तेही निरोगी यकृताच्या कितीतरी पट, हे दिसत होतं. ते येतं कुठून, याचं उत्तर त्यांनी स्वयंपाकघरात शोधलं. आजारी मुलांना काय आणि कशातून पाजलं जात होतं याची तुलना त्यांनी त्याच वयाच्या निरोगी मुलांशी केली. आजारी मुलांना अंगावरच्या दुधाऐवजी वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं, ठेवलं जात होतं. कल्हई उडालेल्या भांड्यातलं तांबं दुधातल्या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि तान्ह्या यकृताला ते बाहेर टाकणं जमत नाही. मग सल्ला अगदी साधा होता: अंगावर पाजा, आणि वरचं दूध द्यायचंच तर स्टीलच्या भांड्यातून द्या. कावीळ होण्यापूर्वी सापडलेल्या मुलांना शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामिन हे औषध दिलं तर त्यांतली बरीच वाचतात, हेही या गटाने दाखवलं. नव्वदच्या दशकापर्यंत हा आजार दिसेनासा झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी त्याचा एकही रुग्ण पाहिलेला नसेल.

यावर आक्षेप घेतला जातो तो असा, की स्टीलची भांडी स्वस्त झाली, घरोघरी आली आणि आजार आपोआप गेला. त्याचं श्रेय संशोधनाला कसं द्यायचं? शिवाय पितळेच्या भांड्यातलं दूध पिऊनही असंख्य मुलं धडधाकट राहिली, मग आनुवंशिकतेचं काय? दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण त्यांनी निष्कर्ष ढासळत नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने गेलेल्या १३८ मुलांचा शोध १९९६ साली प्रसिद्ध झाला. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवलं जायचं, तिथेही घराण्यांतून चालत आलेला दोष दिसत होता, आणि तिथेही भांडी बदलल्यावर आजार संपला. दोष रक्तात असला तरी आजार व्हायला तांबं लागत होतं आणि तांबं थांबवणं माणसाच्या हातात होतं. बदल बाजारामुळे झाला असेल; तो का उपयोगी पडला हे कळलं ते मात्र संशोधनामुळेच. आणि ते कळलं म्हणूनच तो आजार पुन्हा डोकं वर काढणार नाही याची काळजी घेता येते.

आज जगभर लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेझिया. यात यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या जन्माच्या आसपासच सुजून बंद होतात. पित्त आतच तुंबतं आणि यकृत आतून जळत जातं. काहीच केलं नाही तर बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आत दगावतात. सेंदाई इथले जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात यावर एक शस्त्रक्रिया काढली: बंद नळ्या काढून टाकायच्या आणि बाळाच्याच आतड्याचा एक वेटोळा थेट यकृताच्या खालच्या बाजूला जोडायचा, म्हणजे पित्ताला वाट मिळते. ही शस्त्रक्रिया वेळेशी बांधलेली आहे. बाळ साठ दिवसांचं होण्याआधी ती झाली तर यशाची शक्यता चांगली असते. तीन महिने उलटले की ती झपाट्याने घसरते, कारण तोवर यकृत निबर झालेलं असतं. सगळा प्रश्न या मुदतीचा आहे. अशी बाळं जन्मतः गुटगुटीत असतात, दूध पितात, हसतात. थोडीशी कावीळ आहे, कोवळं ऊन दाखवा, जाईल, असं घरचे म्हणतात आणि काही डॉक्टरही म्हणतात. नवजात बाळाची नेहमीची कावीळ खरोखरच जाते, म्हणून ही समजूत टिकून आहे. पण या आजारातल्या काविळीवर उन्हाचा काहीही उपयोग नाही. काविळीचं झाडपाल्याचं औषध आणि गळ्यातली माळ यांतही आठवडे निघून जातात.

आजार ओळखण्याची खूण मात्र बाळाच्या लंगोटातच असते. आतड्यात पित्त पोहोचलं तर शी पिवळी किंवा हिरवट होते. पोहोचलं नाही तर ती पांढुरकी, खडूसारखी किंवा फिकट मातकट दिसते, आणि पाण्यासारखी असायला हवी ती लघवी कपड्यावर गडद पिवळा डाग पाडते. जपानी संशोधकांनी यावरून शीच्या रंगांचं कार्ड तयार केलं. तैवानने २००४ पासून ते देशातल्या प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत घातलं. एका बाजूला चिंतेचे फिके रंग, दुसऱ्या बाजूला निरोगी रंग, आणि शंका आल्यास फोन करायचा नंबर, इतकाच त्याचा पसारा. परिणाम असा झाला की बिलिअरी अट्रेझिया असलेल्या मुलांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेलं, आणि कावीळ न राहता स्वतःच्या यकृतावर पाच वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण २७ वरून ६४ टक्क्यांवर. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही; छापील रंगपट्टी आणि ती दाखवून बोलणारी माणसं यांनी हे घडवलं.

यावर तीन शंका येतात. पहिली, आजार दुर्मीळ आहे. युरोपात पंधरा ते वीस हजार बाळांत एकाला तो होतो. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-वीस लाखांच्या घरात बाळं जन्मतात. युरोपातलं कमी प्रमाण धरलं तरी शंभराच्या आसपास मुलं होतात. शंभर घरांवर येणाऱ्या संकटाला दुर्मीळ म्हणून बाजूला सारता येत नाही. दुसरी शंका, आईबाप उगाच घाबरतील. पण शंका आल्यावर लागते ती रक्ताची एक साधी तपासणी. तिच्यात नुसतं एकूण बिलिरुबिन बघून चालत नाही, डायरेक्ट बिलिरुबिन वेगळं मोजावं लागतं. ते नॉर्मल आलं तर घरचे निश्चिंत होतात; वाढलेलं आलं आणि हा आजार नसला तरी गॅलॅक्टोसेमियासारखा, दूध थांबवल्याने आटोक्यात येणारा दुसरा आजार सापडू शकतो. तिसरी शंका सर्वांत वजनदार आहे: कासाई शस्त्रक्रियेनंतरही अनेक मुलांना पुढे प्रत्यारोपण लागतंच, मग उपयोग काय? जपानच्या राष्ट्रीय नोंदींत निम्म्याच्या जवळपास मुलं वीस वर्षांनीही स्वतःच्या यकृतावर आहेत, हे एक उत्तर. बाकीच्यांनाही वेळ मिळतो, हे दुसरं. सहा किलोच्या खंगलेल्या बाळापेक्षा धष्टपुष्ट मुलावर प्रत्यारोपण करणं सोपं जातं, आणि आईवडिलांना पैसे व दाता जुळवायला अवधी मिळतो. प्रत्यारोपण आणि लवकर निदान ही एकमेकांची स्पर्धक नाहीत. निदान वेळेत झालं की प्रत्यारोपणाचेही निकाल सुधारतात.

हे सगळं आपल्याकडे करायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायला घरी जाते. दीड महिन्याला लसीसाठी बाळ केंद्रावर येतं. म्हणजे साठ दिवसांच्या मुदतीत सरकारी माणसाची आणि बाळाची गाठ अनेकदा पडतेच. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोही आपल्या पालघरमधून. तेव्हा मागणी एवढीच आहे: माता-बाल संरक्षण कार्डात जिथे रंगपट्टी नाही तिथे ती छापावी, चौदाव्या दिवसापासूनच्या प्रत्येक भेटीत आशाताईने बाळाची शी स्वतः बघावी, दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन त्याच आठवड्यात तपासलं जावं, आणि ते वाढलेलं आल्यास बाळाला कुठे पाठवायचं, ते रुग्णालय जिल्ह्यागणिक ठरलेलं असावं. आणि ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी सरकारची वाट बघू नये. बाळाची शी फिकट दिसली तर ती डॉक्टरांना दाखवा आणि तपासणी आजच करायला सांगा.