आयशॅडो: लावायची कुठे, थांबायचं कुठे

मागच्या वेळी आपण बेसबद्दल बोललो, आज डोळे. तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये दोन प्रश्न पुन्हा पुन्हा आहेत. एक, "व्हिडिओत दाखवतात अगदी तसंच लावते, पण डोळे उघडले की काहीच दिसत नाही." आणि दुसरा, "सावळ्या रंगाला कुठली आयशॅडो शोभते?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नाशी माझं थोडं भांडण आहे, ते शेवटी.

पर्समधला आरसा काढा. हनुवटी वर न करता सरळ समोर बघा. आता वरच्या पापणीचा किती भाग दिसतोय? कुणाला बोटाच्या पेराएवढा दिसेल, कुणाला फक्त एक बारीक पट्टी, कुणाला काहीच नाही. आता भुवईखाली बोट हलकेच फिरवा. हाड लागतं ना? ती डोळ्याच्या खोबणीची वरची कड. ज्यांची खोबण खोल असते त्यांची पापणीची घडी त्या हाडाखाली उघडी दिसते. बरेचसे परदेशी व्हिडिओ असे डोळे धरूनच केलेले असतात. पण खूप जणींची वरची कातडी घडीवर उतरलेली असते, आणि चाळिशीनंतर ती सगळ्यांचीच हळूहळू उतरते. मग डोळे मिटून घडीत रंग भरला की डोळे उघडताच तो आत गडप होतो. म्हणजे तुमचा हात वाईट नाही, जागा चुकते.

म्हणून डोळे उघडे ठेवून, सरळ आरशात बघत, घडीच्या थोडं वर, हाडाच्या कडेच्या जवळ रंग लावायचा. मिटल्यावर तो जरा जास्तच वर गेलाय असं वाटेल. वाटू द्या. लोक तुम्हाला डोळे उघडे असताना बघतात. (हशा)

सुरुवातीला रंग एकच घ्या. चमक नसलेला, म्हणजे मॅट, तुमच्या त्वचेपेक्षा दोन छटा गडद तपकिरी. अठरा रंगांची पेटी नंतर. फुगीर केसांचा ब्रश रंगाला नुसता टेकवा, डबीच्या कडेवर झटका, आणि दांडी अगदी टोकाशी धरा. पेन धरतो तशी पुढे धरली की हाताचा जोर पडतो आणि डाग उठतो. मग बाहेरच्या कोपऱ्यापासून आत, गाडीच्या वायपरसारखा, हलका हात फिरवायचा. रांगोळीत रंग रेषेपर्यंत भरायचा असतो, इथे रेष दिसताच कामा नये. रंग कुठे संपला हे सांगता आलं नाही म्हणजे जमलं. कमी वाटला तर पुन्हा थोडा घ्या. आधी भरपूर लावून मग पुसत बसणं, यातच सगळा वेळ जातो.

बाहेर कुठे थांबायचं? नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून भुवईच्या टोकापर्यंत ब्रशची दांडी तिरपी धरा. त्या रेषेच्या पलीकडे रंग गेला की डोळा खाली ओघळल्यासारखा दिसतो.

चमकीचा रंग हवा असेल तर तो पापणीच्या मधोमध, बोटाने लावा. अनामिकेने. गंध लावताना आपण तेच बोट वापरतो, त्याला जोर कमी असतो. चमकीत अभ्रकाचे पातळ पापुद्रे असतात, ते ब्रशने उडतात आणि बोटाने चिकटतात. त्याआधी पापणीवर कन्सीलरचा अगदी पातळ हात आणि वर चिमूटभर पावडर असू द्या. पापणी तेलकट असते, त्याशिवाय दोन तासांत रंग घडीत गोळा होऊन रेघ पडते. आणि गडद रंग लावणार असाल तर डोळे आधी, गालांचा बेस नंतर. भुकटी गालावर सांडतेच.

आता एक गोष्ट, जरा लाज वाटते सांगायला. अनेक वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी वीसेक मुलींचा मेकअप केला. एकच पेटी, एकच ब्रश. मधे धुवायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर डोक्यातच आलं नाही. त्या आठवड्यात चार मुलींचे डोळे आले. माझ्या ब्रशनेच आले हे सिद्ध करता येणार नाही, पण मला दुसरं कारण दिसत नाही. तेव्हापासून ग्रुपचं काम असलं की प्रत्येकीसाठी नवा कापसाचा बड, आणि रंग डबीतून खरवडून वेगळ्या ताटलीत. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ. तिच्या कडेला तेलग्रंथींची तोंडं असतात, ती बुजली की रांजणवाडी होते. म्हणून पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर पावडर नको. रांजणवाडी किंवा डोळ्यांना लाली असेल तर मेकअप बंद. डोळे येऊन गेले असतील तर तेव्हाचा काजळ-मस्कारा फेकून द्या, महाग असला तरी. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालायची आणि मेकअप पुसायच्या आधी काढायची. हस्तकलेच्या दुकानातली चमकी डोळ्याजवळ आणू नका, ते प्लास्टिकचे धारदार तुकडे असतात, बुबुळावर ओरखडा उठू शकतो. आणि सुट्टा, नाव-गाव नसलेला सुरमा नको. त्यात शिसं असू शकतं.

आता भांडण. "मला शोभेल का?" असं विचारणारी मुलगी मोरपंखी साडी नेसताना असं विचारत नाही. जांभळी पैठणीही बिनधास्त नेसते. मग त्याच रंगाची आयशॅडो राखट का दिसते? कारण डबीत नुसता रंग नसतो. रंग देणारी द्रव्यं असतात, त्यातले तपकिरी-लाल-पिवळे बहुतेक लोहाचे ऑक्साइड, म्हणजे आपल्या गेरूचेच भाऊबंद. आणि भर म्हणून टाल्क, फिकट छटांमध्ये टायटॅनियम डायॉक्साइड, दोन्ही पांढरे. गोऱ्या कातडीवर ती पांढरी भर लपते. सावळ्या कातडीवर ती राखेसारखी वर येते, आणि आपण दोष देतो कातडीला. कुणीतरी आत्या लहानपणी बोललेली असते, ते पक्कं बसतं.

दुकानात रंग बोटाने मनगटाच्या आतल्या बाजूला एकदाच ओढा आणि दाराशी, उजेडात येऊन बघा. ट्यूबलाइटखाली ठरवू नका. एका फटकाऱ्यात रंग जसाच्या तसा दिसला तर घ्या, पांढुरका दिसला तर ठेवा, किंमत काही असो. घरी आधीच घेतलेली फिकी डबी असेल तर खाली त्याच रंगाची किंवा काळी पेन्सिल बोटाने पसरवून तिच्यावर ती थोपटा. गडद हिरवा, जांभळा, तांबूस सोनेरी हे रंग सावळ्या पापणीवर जे उठतात, ते माझ्यासारख्या पिवळट गोऱ्या कातडीवर उठत नाहीत. याबद्दल माझी कायमची तक्रार आहे. (हशा)

आता समोर तपकिरी डब्या आणि बड ठेवलेत. प्रत्येकीने आपला बड घ्या, बडाने रंग ताटलीत काढा, बड डबीत परत बुडवायचा नाही. आधी फक्त उजवा डोळा करा. डावा तसाच ठेवा, म्हणजे फरक कळेल. मी फिरून बघते.