संस्था आणि भोवतालची परिस्थिती

सहकारी संस्थेचा हिशेब चोख असला आणि पदाधिकारी प्रामाणिक असले, म्हणजे संस्था भरभराटीस येते, असा सर्वसाधारण समज आहे. या दोन्ही गोष्टी आवश्यकच आहेत. परंतु तेवढ्याने भागत नाही. ऋतुमान, बाजारभाव, ग्राहकांची आवड, शासनाचे धोरण, नवी यंत्रे आणि प्रतिस्पर्धी या गोष्टी संस्थेच्या हुकमतीत नसतात. तरीही तिचे बरेवाईट बव्हंशी त्यांवरच अवलंबून असते. त्यांची वेळीच दखल घेऊन कारभारात योग्य ते फेरबदल करणे, हे व्यवस्थापनाचे प्रमुख कर्तव्य होय. बडोद्यापासून जवळच असलेल्या आणंद येथील खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मक्तेदारीला उत्तर

१९४५ साली मुंबई सरकारने मुंबई शहरासाठी दूध योजना सुरू केली. आणंद परिसरातून दूध पुरविण्याचे काम पोल्सन या खाजगी कंपनीकडे होते. दूध काही तासांतच नासते. त्यामुळे दुसरे गिऱ्हाईक नसलेल्या शेतकऱ्याला मिळेल तो भाव पत्करावा लागे. शहराची मागणी वाढत होती. मात्र तिचा लाभ उत्पादकाच्या पदरी पडत नव्हता. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानुसार ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा झाली. गावोगावी सोसायट्या स्थापून त्यांचा जिल्हा संघ काढावा, असे तेथे ठरले. त्यानंतर शेतकऱ्यांनी १५ दिवस दूध देणे बंद ठेवले. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्यक्ष होते.

हिवाळ्यातील जादा दूध

लवकरच दुसरी अडचण उभी राहिली. हिवाळ्यात म्हशींचे दूध पुष्कळ वाढते, उन्हाळ्यात ते आटते. शहराची गरज मात्र वर्षभर जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे हिवाळ्यात दूध शिल्लक राहू लागले. संघाने दूध नाकारले असते, तर सभासदांचा संस्थेवरील विश्वासच उडाला असता. जादा दुधाची भुकटी करणे हा एक मार्ग होता. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. संघाचे व्यवस्थापक डॉ. वर्गीज कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली. युनिसेफ व न्यूझीलंड सरकार यांच्या साहाय्याने उभारलेल्या कारखान्याचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

ग्राहकांची आवड

लोण्याच्या बाबतीत वेगळाच अनुभव आला. लोकांना पोल्सनच्या पिवळ्या व खारट लोण्याची सवय होती. म्हशीच्या ताज्या सायीचे पांढरे लोणी त्यांना अळणी वाटले. संघाने ग्राहकाला दोष दिला नाही. लोण्यात मीठ व रंग घालण्यास सुरुवात केली. पुढे राज्यात अनेक जिल्हा संघ झाले. त्यांच्यात आपापसांत स्पर्धा होऊ नये, यासाठी १९७३ साली एकत्रित विक्रीकरिता महासंघ स्थापन करण्यात आला.

आपल्या संस्थेसाठी

या इतिहासातील प्रत्येक पाऊल बाहेरील एखाद्या बदलाचा अर्थ ओळखून टाकलेले होते. गावातील दूध सोसायटी असो, विकास सोसायटी असो वा ग्राहक भांडार, संचालक मंडळाने निदान सहा महिन्यांतून एकदा चार प्रश्नांचा विचार करावा. आपला माल कोण घेतो आणि त्याने घेणे थांबविले, तर दुसरा कोण आहे? कोणत्या महिन्यांत माल तुंबतो? शासनाच्या नियमांत वा योजनांत काय बदल झाला? शेजारचा व्यापारी आपल्यापेक्षा वेगळे काय देतो? या प्रश्नांची उत्तरे बहुधा कचेरीतील दप्तरात सापडत नाहीत. ती बाजारात, सभासदांच्या गोठ्यात आणि ग्राहकांच्या बोलण्यात मिळतात. सभासदांनीही वार्षिक सर्वसाधारण सभेत नफ्यातोट्याच्या आकड्यांबरोबर या प्रश्नांची उत्तरे मागावीत. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यातच संस्थेचे हित आहे.